मेलेली भेग

चीर, भेग आणि तडा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याला त्यांतला फरक कळत नाही त्याच्याशी भेगसाहेब बोलणं लांबवत नसत. नख अडकत नाही ती चीर. नख अडकतं ती भेग. पलीकडचा उजेड दिसतो तो तडा. याच्यापुढे भगदाड असतं, पण ते त्यांच्या खात्याकडे येत नसे, थेट वर्तमानपत्रात जात असे. सार्वजनिक इमारतींच्या भिंती तपासण्यात त्यांची आजवरची सगळी नोकरी गेली होती. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या, जिथं म्हणून काही उकललं तिथं ते भिंग घेऊन हजर. 'भेगसाहेब' हे नाव कुणीतरी टवाळीनं ठेवलं होतं, त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. घरी बायकोही रागात असली की हेच नाव वापरायची, म्हणजे हल्ली रोजच.

तर अशा माणसाच्या घरात भेग निघाली, आणि तीही भिंतीला नाही, गिटारला.

गिटार लेकीची. लेक तिकडे लांबच्या शहरात एका शाळेत मुलांना संगीत शिकवते. घर सोडून जाताना तिनं बापाकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. "बाबा, गिटार सांभाळा," एवढंच. भेगसाहेब "सांभाळतो" म्हणाले होते. बापलेकीतलं ते शेवटचं लांबलचक संभाषण. त्यानंतर फोनवर "कशी आहेस?", "बरी आहे", "आईला देतो", याच्यापुढे गाडी गेली नाही. आता तिचा आईला फोन आला होता, की पुढच्या महिन्यात एका दिवसासाठी येते, गिटार घेऊन जाते.

भेगसाहेबांनी गिटार सांभाळली होती यात शंका नाही. सांभाळणं म्हणजे हात न लावणं, अशी त्यांची समजूत होती. त्यांचं खातंही सगळ्या इमारती अशाच सांभाळत असे. गिटारची पेटी कपाटावर गेली, पेटीवर जुन्या गाद्या गेल्या, गाद्यांवर दोन सुटकेसा, आणि त्यांच्यावर बंद पडलेला पंखा, जो साडूंनी परत मागितला तर असावा म्हणून ठेवला होता. लेक येणार म्हटल्यावर त्यांनी रविवारी सकाळी स्टूल घेतलं, सगळा डोंगर उतरवला आणि पुसून ठेवावी म्हणून पेटी उघडली.

भेग गिटारच्या तोंडावर होती. तारा जिथं खाली अडकवतात त्या लाकडी पट्टीपासून निघून सरळ खालच्या कडेपर्यंत गेलेली, वीतभर. भेगसाहेबांनी नख लावून पाहिलं. अडकलं.

"गाद्यांचं वजन," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"तिला फोन करा आणि सांगा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काय सांगू?"

"भेग पडलीय म्हणून सांगा. दुसरं काय?"

"माझ्या ताब्यातल्या वस्तूला भेग पडली, हे मी सांगू? मी?"

"नाही तर शेजारी सांगतील."

बायकोचा सल्ला फुकट होता, सोपा होता आणि घरातल्या घरात मिळालेला होता, म्हणजे तो मानायचा प्रश्नच नव्हता. भेगसाहेबांना लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर दिसत होता. ती ओरडली असती तर चाललं असतं. पण ती ओरडणाऱ्यांतली नव्हती. ती "बरं" म्हणाली असती, आणि त्या "बरं"ची त्यांना खरोखर भीती वाटत होती. एकच गोष्ट त्या पोरीनं मागितली होती. ती धड अवस्थेत तिच्या हातात द्यायची, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्यांदा त्यांनी जे केलं ते अगदी बरोबर केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. भिंतीवर भेग दिसली की त्यांचं खातं तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवतं. पट्टी फुटली तर भेग जिवंत, ती अजून हलतेय, वाढतेय. पट्टी शाबूत राहिली तर भेग मेलेली. आणि मेलेल्या भेगेला हात लावू नये, हे त्यांनी किती नवशिक्या इंजिनियरांना दम देऊन शिकवलं होतं. भेगसाहेबांनी कपाटातून बोटभर लांबीची काचपट्टी काढली, दोन टोकांना गोंदाचे ठिपके दिले आणि गिटारवर आडवी बसवली. रोज आंघोळीनंतर ते भिंग घेऊन काच पाहत. आठवडा गेला. काच जशीच्या तशी. शास्त्राप्रमाणे प्रकरण मिटलं होतं.

पण मग साडू आले.

साडूंचं फरश्यांचं दुकान आहे. फरश्या विकून विकून त्यांना जगातल्या सगळ्याच गोष्टी कळू लागल्या होत्या. उंटावरचा शहाणा म्हणतात तो निदान उंटावर बसलेला असतो, लांबून ओळखू येतो. साडू सोफ्यावर बसतात. त्यांनी चहाचा कप ठेवायला जागा शोधता शोधता टेबलावरची गिटार पाहिली, काच पाहिली, आणि खूप वेळ हसले.

"तुमच्या खात्याचं हे असंच," ते म्हणाले. "काच चिकटवायची आणि बिल्डिंग पडायची वाट बघायची."

बायकोही हसली. तिनं तसं मुद्दाम केलं नसेल. पण बायको आपल्या बहिणीच्या नवऱ्याच्या विनोदाला हसते तेव्हा माणसाच्या जिवाला काय होतं, हे ज्याचं त्यालाच माहीत. साडू गेल्यावर भेगसाहेबांनी काच खरवडून काढली. ती त्यांनी त्या दिवशी काढली नसती तर ही गोष्ट इथंच संपली असती, आणि सांगण्यासारखी राहिली नसती.

जाता जाता साडू उपायही सांगून गेले होते. "टूथपेस्ट. पांढरी बघा, जेल नको. आमच्याकडे फरशीला चीर असली की आम्ही तीच भरतो. गिऱ्हाइकाला घरी नेईपर्यंत पत्ता लागत नाही." भेगसाहेबांनी पांढरी टूथपेस्ट भेगेत दाबून भरली, बोटानं सारखी केली आणि वाळू दिली. आधी भेग दिसायला डोळे बारीक करावे लागत. आता ती बाहेरच्या दारातून दिसू लागली. बायको नुसती समोरून दोनदा गेली. मग भेगसाहेबांना वाटलं, पांढऱ्यावर तपकिरी लावलं की जमेल, आणि घरात तपकिरी म्हणून काय असतं, तर बुटाचं पॉलिश. पॉलिश भेगेत गेलं, भेगेबाहेर गेलं, पुसायला घेतलं तसं आणखी पसरलं. शेवटी सगळं एकसारखं दिसावं म्हणून अर्ध्या गिटारला पॉलिश झालं. ब्रश मारल्यावर चकाकी मात्र छान आली.

"फोन करा," बायको म्हणाली. "अजूनही वेळ गेली नाही."

वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे एक निवृत्त मास्तर राहतात. शिकवायला वर्ग राहिला नाही, त्यामुळे ते जिन्यात उभे असतात आणि जो सापडेल त्याला शिकवतात. भेगसाहेब पॉलिशची नवी डबी घेऊन चालले होते, तेव्हा सापडले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून विचार केला.

"तुमच्या साडूंना मूलभूत ज्ञान नाही," ते म्हणाले. हे वाक्य ऐकून भेगसाहेबांना जे समाधान झालं, त्याच्या भरात त्यांनी पुढचं सगळं ऐकलं. सुपरग्लू घ्यायचा, भेगेत ओतायचा, वरून खायचा सोडा भुरभुरायचा. दगड होतो दगड. पण हात चपळ पाहिजे.

भेगसाहेबांचा हात चपळ नव्हता. त्यांच्या खात्यात चपळ हाताला काही काम नसतं. सोडा भुरभुरल्यावर तो नीट बसावा म्हणून त्यांनी दोन बोटांनी दाबला, आणि मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे दगड झाला. तर्जनी आणि मधलं बोट गिटारला.

"गरम लागतंय का?" देखरेखीला घरी आलेल्या मास्तरांनी विचारलं.

"लागतंय."

"म्हणजे क्रिया पूर्ण होतेय," मास्तर समाधानानं म्हणाले.

त्याच वेळी दाराची बेल वाजली. बायको बाजारात गेली होती. दार उघडलं तर सोसायटीचे सेक्रेटरी आणि त्यांच्यामागे कमिटीचे दोघे. गच्चीवरच्या टाकीला भेग पडली होती, आणि अशा वेळी सगळी इमारत ज्याच्याकडे आदरानं येते तो माणूस उजव्या हाताला गिटार लोंबकळत दारात उभा होता. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ. त्यांनी गिटारकडे पाहिलंच नाही असं दाखवलं. टाकीबद्दल बोलले, भेगसाहेबांनी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, मान हलवली. मान हलली की गिटार हलायची आणि एक तार वाजायची. निघताना कमिटीतला एकजण म्हणाला, "साहेब, टाकी दुसऱ्या कुणाला तरी दाखवू, तुम्ही आत्ता कामात आहात." बाकी कशाहीपेक्षा हे वाक्य भेगसाहेबांच्या जिव्हारी लागलं. एवढ्या वर्षांत या इमारतीची भेग दुसऱ्या कुणाकडे गेली नव्हती.

बोटं सोडवली समोरच्या वहिनींनी. त्यांनी नखांचा रंग काढायचं औषध आणलं आणि कापसानं थेंब थेंब सोडलं. बोटं सुटली. बोटांबरोबर पॉलिश सुटलं, पॉलिशखालचं गिटारचं मूळचं चकचकीत रोगणही सुटलं, आणि तळहाताएवढा पांढुरका डाग उघडा पडला. सुपरग्लूचा दगड तेवढा भेगेत खोल, जागच्या जागी राहिला.

वहिनी उघड्या लाकडावरून बोट फिरवत म्हणाल्या, "हे कोरडं पडलंय हो. लाकडाला तेल पाजावं लागतं. आमच्या पलंगाच्या फळीला अशीच भेग पडली होती. महिनाभर तेल पाजलं, मिटली."

"आता कसा आहे पलंग?"

"भेग नाही बघा. झोपत नाही कुणी त्याच्यावर. घसरतं."

खरं तर इथं थांबायला हवं होतं. पण माणूस एकदा उपायांच्या मागे लागला की थांबणं म्हणजे आधीचे सगळे उपाय चुकले असं कबूल करणं, आणि भेगसाहेबांनी आयुष्यात अहवाल बदलला नव्हता. त्यांनी गिटारला तेल पाजलं. गिटार सगळं तेल प्यायली, आणखीही प्यायली असती. मग वहिनींनीच सुचवल्याप्रमाणे वाफ. बाथरूममध्ये स्टुलावर गिटार, खाली गरम पाण्याची बादली, दाराच्या फटीला टॉवेल. बायको बाहेर कपडे घेऊन उभी होती.

"किती वेळ?"

"लाकूड फुगायला वेळ लागतो."

"मला ऑफिसला जायचंय. तुमची गिटार आंघोळ करेल आणि मी तशीच जाईन का?"

त्या संध्याकाळी चमत्कार झाला. लाकूड फुगलं आणि भेग मिटली. भेगसाहेबांनी नख लावलं, अडकलं नाही. भिंग लावलं, दिसली नाही. त्यांनी बायकोला बोलावून दाखवलं, वहिनींना बोलावून दाखवलं, साडूंना फोन करून मुद्दाम दुसऱ्याच कामाबद्दल बोलले आणि शेवटी सहज सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी लेकीच्या खोलीत गिटार मांडीवर घेऊन बसून पाहिलं. वाजवता येत नव्हती. नुसती धरली. लेक येईल, पेटी उघडेल, आणि आपण दारात उभे असू, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. "सांभाळली की," असं म्हणेल कदाचित.

दोन दिवसांनी लाकूड सुकलं. सुकताना ते आकसलं, आणि आकसताना सुपरग्लूच्या दगडाला अडलं, कारण दगड आकसत नाही. जुनी भेग रुंद झाली आणि तिच्या शेजारी, अगदी तिला सोबत म्हणून, नवी पडली. भेगसाहेबांनी नव्या भेगेवर काच चिकटवली. दुपारी पाहिलं तर काचेचे दोन तुकडे.

याचा अर्थ त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला कळला नसता. मेलेली भेग त्यांनी स्वतःच्या हातांनी जिवंत केली होती.

"आता तरी," बायको म्हणाली.

"आता तर सांगताच येणार नाही," भेगसाहेब म्हणाले, आणि हे मात्र खरं होतं.

राहता राहिलं ऑफिस. तिथल्या प्रयोगशाळेत पुलांच्या खांबांच्या भेगांत भरतात तो इपॉक्सीचा गोंद होता आणि जोड आवळून धरायचे चांगले जड शिकंजे होते. ज्यानं पूल उभा राहतो त्यानं गिटार उभी राहणार नाही का? भेगसाहेब गिटार चादरीत गुंडाळून ऑफिसात घेऊन गेले. फाटकावर कुणी अडवलं नाही. आत येणाऱ्या वस्तूला ऑफिसचा कधीच आक्षेप नसतो. दोन्ही भेगांत इपॉक्सी भरला, चारी बाजूंनी शिकंजे आवळले, संध्याकाळी काढले. गिटार चादरीत गुंडाळून फाटकाशी आले, तर भांडारपाल उभे.

"साहेब, पास?"

"माझी गिटार आहे."

"असेल ना. पण बाहेर जाणाऱ्या वस्तूला पास लागतो. पास द्यायचा तर वस्तू आपल्या नोंदीत पाहिजे."

"ती नोंदीत कशी असेल? मी सकाळी आणली."

"तेच म्हणतोय. नोंदीत नाही म्हणजे ती वस्तू आपल्याकडे नाही. आणि जी वस्तू आपल्याकडे नाही, तिला मी बाहेर कशी सोडू?"

"अहो, मग ही माझ्या हातात आहे ती काय आहे?"

"ते मी पाहिलं नाही असं समजा," भांडारपाल आपुलकीनं म्हणाले. "पण बाहेर न्यायची नाही."

या नियमाविरुद्ध भेगसाहेबांनी रान उठवलं असतं. पण तो नियम काही वर्षांपूर्वी एक भिंग हरवलं तेव्हा त्यांनीच सुचवला होता, आणि खाली त्यांचीच सही होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढे जोडून सुट्या आल्या होत्या. भांडारात जागा नव्हती, म्हणून गिटार प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत ठेवून कुलूप लागलं. त्या खोलीत मातीचे नमुने वाळवायची भट्टी असते, आणि ती सुट्यांतही चालू ठेवतात, कारण बंद केली तर पुन्हा चालू करायला वरून परवानगी लागते.

सुट्यांनंतर खोली उघडली तेव्हा गिटार मातीच्या नमुन्यांइतकीच कोरडी झाली होती. तारा अडकवायची पट्टी एका बाजूनं उचलली गेली होती आणि तोंडाची फळी मधोमध खचली होती. इपॉक्सी मात्र पक्का होता, त्याला कुठंही काही झालं नव्हतं.

आणि ती बाहेर कशी काढायची हा प्रश्न तसाच होता. तोडगा भांडारपालांनीच सांगितला. निकामी मालाला पास लागत नाही. खात्याच्या अधिकाऱ्यानं वस्तू निकामी ठरवली की भंगारवाला ती घेऊन जातो, त्याला कुणी अडवत नाही. खात्याचा असा अधिकारी एकच होता. भेगसाहेबांनी कागद पुढे ओढला आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: तंतुवाद्य, एक, दुरुस्तीच्या पलीकडे. खाली सही केली. त्यांच्या एवढ्या वर्षांच्या अहवालांत हा सगळ्यांत अचूक अहवाल होता. मग मोडक्या खुर्च्यांच्या वर बसून लेकीची गिटार हातगाडीवरून फाटकाबाहेर पडली, आणि भेगसाहेब मागून चालत गेले. पुढच्या वळणावर त्यांनी ती उतरवून घेतली. भंगारवाला म्हणाला, "साहेब, एवढ्यासाठी आलात? राहू द्या की, हिचं काय येणार?"

लेक यायला थोडेच दिवस राहिले होते. जे राहिलं ते भेगसाहेबांनी आपल्या माहितीतल्या एकमेव मार्गानं केलं. भिंतीची पुट्टी आणली, खड्डे भरले, पॉलिश पेपरनं घासलं, आणि वरून शाळांच्या दारांना देतात तो तपकिरी रंग दिला. दोन हात. उचललेली पट्टी स्क्रूनं बसवली. लांबून, खिडकीचा पडदा ओढलेला असताना, आणि गिटार म्हणजे काय हे माहीत नसेल तर ती गिटारच दिसत होती. त्यांनी ती पेटीत ठेवली आणि पेटी बंद केली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लेक आली. बारीक झाली होती, केस कापले होते, बाकी तीच. आईच्या गळ्यात पडली, बापाला "कसे आहात?" म्हणाली. जेवणं झाली. शाळेबद्दल बोलली, ते सगळं आईशी. मग म्हणाली, "बाबा, गिटार काढून ठेवलीत का?"

भेगसाहेबांनी पेटी आणून टेबलावर ठेवली. बायको ओट्याशी उभी राहून एकच भांडं पुसत राहिली.

लेकीनं पेटी उघडली. मग तिनं हात पुढे केला आणि उजव्या हाताचा अंगठा गिटारच्या तोंडावर, खालच्या अंगाला ठेवला. तारांच्या पट्टीपासून कडेपर्यंत तो अंगठा सावकाश खाली आला, मग पुन्हा वर गेला, जणू तिथं काहीतरी असायला हवं होतं.

"इथं एक भेग होती," ती म्हणाली.

"भेग?" भेगसाहेब म्हणाले. "कुठली भेग? भेगबिग काही नव्हती."

बायकोनं भांडं खाली ठेवलं.

"होती, बाबा. मी घेतली तेव्हापासून होती. भेगेमुळेच तर दुकानदारानं मला परवडेल अशी दिली. म्हणाला होता, जुनी भेग आहे, हिला काही करू नकोस, वाजायला काही होत नाही. मी सहा वर्षं वाजवली ना तशी. अंगठा तिथंच टेकायचा, मला बघावंही लागायचं नाही."

"सहा वर्षं?" भेगसाहेब म्हणाले. "या घरात?"

"मागच्या खोलीत. तुम्हाला कशी दिसणार? तुम्हीच म्हणायचात ना, दार लावून वाजव."

तिनं हे टोचून म्हटलं नाही. होतं तसं सांगितलं. तिनं एक तार छेडली. ओला पुठ्ठा आपटावा तसा आवाज आला. पुन्हा छेडली नाही. भेगसाहेबांना वाटलं, आता ती ओरडेल, आणि त्यांना ते मनापासून हवं होतं. ओरडली असती तर त्यांनी टूथपेस्टपासून सगळं सांगितलं असतं, साडूंना शिव्या दिल्या असत्या, भांडारपालांची नक्कल केली असती. कदाचित दोघं हसलेही असते.

"मला शाळेत गिटारी आहेत हो," ती म्हणाली. "चांगल्या आहेत. मला हिचा आवाज हवा होता." आणि मग, पेटीची कड नीट करत, "एक फोन करायचात."

"मी हेच म्हणत होते," बायको म्हणाली, पण अगदी हळू.

"बरं," लेक म्हणाली.

संध्याकाळी निघताना तिनं गिटार पेटीतून काढली आणि सोफ्यावर आडवी ठेवली. पेटी तेवढी घेतली. "पेटी चांगली राहिलीय," ती म्हणाली, "दुसरीला होईल." भेगसाहेब रिकामी पेटी उचलून खाली सोडायला गेले. एवढी हलकी पेटी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. जिन्यात मास्तर उभे होते. त्यांनी विचारलं, "काय, जमलं का शेवटी?" लेकीनं त्यांना नमस्कार केला.

त्यानंतर भेगसाहेबांनी गिटार मागच्या खोलीत, लेकीच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगली. एक दिवस बसून त्यांनी पुट्टी उकरून काढली. फार वेळ लागला. सगळी निघाली नाही, पण खालची जुनी भेग थोडी दिसू लागली. तिच्यावर त्यांनी नवी काचपट्टी आडवी बसवली. तेव्हापासून रोज आंघोळीनंतर ते भिंग घेऊन त्या खोलीत जातात. दार उघडं ठेवतात. काच शाबूत आहे. साडू एकदा येऊन पाहून गेले, या वेळी हसले नाहीत, त्याचं भेगसाहेबांना जास्त वाईट वाटलं.

परवा लेकीचा फोन आला होता. आईशी बराच वेळ बोलणं चाललं होतं. भेगसाहेब भिंग हातात घेऊन खोलीतून बाहेर आले आणि थोडं घुटमळून म्हणाले, "तिला सांग, काच फुटलेली नाही. भेग वाढत नाहीये."

बायकोनं फोनवर हात ठेवला. "आता वाढायला उरलंय काय त्यात?" ती म्हणाली. मग हात काढून लेकीला म्हणाली, "काही नाही गं. ऑफिसचं काहीतरी सांगतायत."